चाळिशीत नवीन प्रोग्रामिंग लँग्वेज शिकायची म्हटलं की पोटात गोळा येतो?

"मॅडम, आता या वयात नवीन लँग्वेज डोक्यात शिरणार नाही, नोकरी टिकेल ना?" आयटीतली माणसं हे खूप विचारतात म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

डिचोलीहून रोज पणजीला पाटोवर कामाला जाणारे एक गृहस्थ, वय ४२, अँड्रॉइड अ‍ॅप्स जावा या जुन्या लँग्वेजमध्येच लिहीत आलेले. कंपनीने नवीन काम कोटलिन या नव्या लँग्वेजमध्ये करायचं ठरवलं आणि यांची झोप उडाली. गूगलने २०१७ मध्ये कोटलिनला सपोर्ट दिला, २०१९ मध्ये पहिली पसंती दिली, हे त्यांनीच मला सांगितलं, म्हणजे माहिती कमी नव्हती. मी विचारलं, ऑफिसात तुम्ही कुणाला काही विचारलंय असं शेवटचं कधी झालं? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "सगळे मलाच विचारायला येतात हो, आता मी त्या पोरांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहू?"

लोक याला आळस म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. ही लाज आहे, आणि ती चांगलं काम करणाऱ्यालाच जास्त वाटते.

पुढच्या वेळी लॅपटॉप आणायला सांगितला. कोटलिनमध्ये व्हॅल्यू रिकामी असू शकत असेल तर टाइपच्या (व्हॅल्यूच्या प्रकाराच्या) नावानंतर प्रश्नचिन्ह लावावं लागतं, नाहीतर कंपाइलर, म्हणजे कोड तपासून मशीनसाठी तयार करणारा प्रोग्राम, अडवतो. ते दाखवताना चिडलेच, "वीस वर्षं नल, म्हणजे रिकाम्या व्हॅल्यू, सांभाळतोय, आता हे मला शिकवणार?" मी म्हटलं, मग जुना कोड टाकून देणार का? "छे, दोन्ही एकाच प्रोजेक्टात चालतं. फक्त जावातून आलेली व्हॅल्यू रिकामी असेल की नाही ते बऱ्याचदा कंपाइलरला कळत नाही, माणसानेच ठरवायचं." कुठल्या माणसाने? जरा थांबले. "तो कोड ज्याला माहीत आहे त्याने."

तिथून बोलणं सोपं झालं. आधी फक्त टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणारा कोड) कोटलिनमध्ये लिहायच्या, शिकायला ऑफिसच्या वेळेतच तास मागून घ्यायचा (रात्री जागून नाही, घरचेही वैतागतात), आणि एका ज्युनिअरबरोबर जोडीने बसायचं, त्याने सिंटॅक्स (कोड लिहायची पद्धत) सांगायचा, यांनी कुठल्या फील्डमध्ये सर्व्हर रिकामं पाठवतो ते.

प्रत्येक विरोध भीतीपोटी असतो असं नाही हां, नीट चालणारा कोड उगाच परत लिहायला काढला तर भांडावंच. पण आधी एखादं छोटं काम स्वतः करून बघा, मग नाही म्हणा.

चवथीनंतर आले तेव्हा त्यांचं पहिलं स्क्रीन कोटलिनमध्ये गेलं होतं. जुनी मॉड्यूल्स अजून जावातच सांभाळतात, मॅनेजरनेच तसं सांगितलंय.