स्त्रीवादी समीक्षा म्हणजे नेमकं काय? पुरुष लेखकांना झोडपणं एवढंच का?

'झोडपणं' हा तुमचा शब्द अगदीच निराधार नाही. केट मिलेट या अमेरिकी लेखिकेनं १९७० साली 'सेक्शुअल पॉलिटिक्स' या पुस्तकात डी. एच. लॉरेन्स, हेन्री मिलर, नॉर्मन मेलर या कादंबरीकारांची चांगलीच खरडपट्टी काढली होती. (त्याच पुस्तकात झाँ जने या पुरुष लेखकाची मात्र ती बाजू घेते, हे सांगायचं सहसा राहून जातं.) पण मला स्वतःला यातली खरी गंमत कळली ती दुसरीकडे.

शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' ही इंग्रजी कादंबरी १८४७ साली करर बेल या टोपणनावानं आली. बाईचं नाव दिसलं की पुस्तकाकडे बघायची नजर बदलते, हे लेखिकेला पक्कं ठाऊक होतं. अनाथ जेन शिक्षिका म्हणून रोचेस्टरच्या घरी येते, प्रेम जमतं आणि ऐन लग्नात कळतं की त्याची पहिली बायको, बर्था, जिवंत आहे. वेडी म्हणून तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली. शेवटी ती घर पेटवून देते, स्वतः मरते, जेनची वाट मोकळी होते. पहिल्यांदा वाचली तेव्हा बर्था मला कथानकातली धोंड वाटली होती. कधी एकदा दूर होते असं झालं होतं!

नंतर लक्षात आलं की बर्था हसते, गुरगुरते, चावते, पण तिचं एक वाक्यही आपल्याला थेट ऐकू येत नाही. तिची सगळी हकिगत सांगतो रोचेस्टर, म्हणजे ज्यानं कोंडलं तोच साक्षीदार. स्त्रीवादी समीक्षा इथून सुरू होते: गोष्ट कोण सांगतंय, आणि गप्प कोणाला बसवलंय?

सँड्रा गिल्बर्ट आणि सुसान गुबर या अमेरिकी समीक्षकांनी १९७९ साली म्हटलं की बर्था हा जेनचाच दाबलेला राग आहे. लग्नासाठी आणलेली भारी ओढणी जेनला मनातून खटकते, आणि रात्री खोलीत शिरून ती टराटरा फाडते बर्था. हे वाचून मी चाटच पडलो. कादंबरीकार जीन ऱ्हीसनं तर त्याआधीच, १९६६ साली, 'वाइड सारगासो सी' लिहून बर्थाला स्वतःची कादंबरी दिली होती. तिथं तिचं मूळ नाव आन्त्वानेत. 'बर्था' हे नवऱ्यानं लादलेलं.

मग १९८५ साली समीक्षक गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी स्त्रीवादी वाचकांनाच धारेवर धरलं. बर्था जमैकाहून आणलेली, वसाहतीतली बाई. इंग्लंडमधली नायिका स्वतंत्र व्हावी म्हणून तिचा बळी जातो, आणि तुम्ही त्या नायिकेचं कौतुक करत बसता? 'स्त्री' म्हणताना कोणती स्त्री, हा प्रश्न अमेरिकी समीक्षक बार्बरा स्मिथनं कृष्णवर्णीय लेखिकांच्या बाबतीत १९७७ सालीच विचारला होता.

दुसरी शाखा लिहिणाऱ्या बायकांचा शोध घेते. अमेरिकी समीक्षक एलेन शोवॉल्टरनं तिला 'गायनोक्रिटिक्स' असं जरा अवघड नाव दिलंय. कोणाची पुस्तकं टिकली, कोणाची गडप झाली आणि ती निवड केली कोणी, हे ती तपासते.

हे सगळं बाहेरून आलेलं, असं कोणी म्हणालं तर ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' पुढे करा. साल १८८२. बायकांना दिल्या जाणाऱ्या दोषांचा हिशेब मांडताना त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांनी रंगवलेल्या बायकांचाही त्या समाचार घेतात. आणि या पुस्तकाची गतही तीच! ते जवळजवळ विस्मरणात गेलं आणि १९७५ साली पुन्हा छापलं गेलं. मी असतो तर सुरुवात यापासूनच केली असती. लहानसं आहे, एका बैठकीत होतं. भाषा जुनी, त्यामुळे पहिली चार-पाच पानं अडखळायला होईल, तेवढी नेटानं काढा. 'जेन एअर' त्यानंतर घ्या, आणि बर्थाची पानं दोनदा वाचा.