भावाने होल्ड केलेली अवॉर्ड सीट सोडली तर तीच सीट मला माझ्या माइल्सवर लगेच मिळेल का?

नाही. म्हणजे नशिबाने मिळूनही जाईल, पण सोडली की लगेच मिळते असं ज्याने तुम्हाला सांगितलं त्याने आयुष्यात कधी टिकिटिंग केलेलं नाही, हे मी लिहून देतो.

तुम्ही म्हणता भावाने त्याच्या खात्यावर मुंबई-फ्रँकफर्टच्या बिझनेस क्लासच्या दोन अवॉर्ड सीट (पैशाऐवजी एअरलाइनच्या माइल्सवर, म्हणजे जमवलेल्या पॉइंटवर मिळतात त्या) फोनवरून होल्ड केल्यात, म्हणजे तिकीट न काढता तात्पुरत्या अडवून ठेवल्यात, एक त्याची एक तुमची, आणि तुमचे स्वतःचे माइल्स एक्स्पायर होऊन राहिले म्हणून आता त्याने तुमची सीट सोडायची आणि तुम्ही तिकडे लॅपटॉप उघडून बसायचं. हा प्लॅन मी ओळखतो. आमच्या घरात या प्लॅनवरून अजून भांडण चालू आहे.

मी नागपूरला बर्डीत एका ट्रॅव्हल एजन्सीत टिकिटिंगला होतो, कित्येक वर्षं. आमचे साडभाऊ मनीष नगरला राहतात, सरकारी नोकरीतून रिटायर, क्रेडिट कार्डाचे पॉइंट जमवायचा भयंकर नाद. त्यांच्या पोरीचं शिकागोला कॉन्व्होकेशन होतं. त्यांनी एका परदेशी एअरलाइनला फोन लावून मुंबईहून जायच्या दोन बिझनेस सीट होल्ड करून घेतल्या, स्वतःसाठी आणि ताईसाठी (माझ्या बायकोची मोठी बहीण). इथवर मस्त. मग त्यांच्या लक्षात आलं की ताईच्या खात्यातले माइल्स संपायला आले आहेत, एअरलाइन्सच्या अनेक माइल्स योजनांत, म्हणजे प्रोग्राममध्ये, असं असतं, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे माइल्स तर वापरा न वापरा तीन वर्षांनी जातातच. झालं, यांचा जीव तुटायला लागला. रात्री मला फोन, "होल्ड सोडून देतो बे, माझी माझ्या खात्यातून घेतो, तिची तिच्या." मी म्हटलं भाऊजी, नका सोडू, आधी आहे त्याचं तिकीट काढा. तर म्हणे, "अरे सीट कुठे पळून जाऊन राहिली? आपणच सोडली, आपणच घेऊ."

सोडली. आणि सीट पळाली.

आता का पळाली ते समजून घ्या, कारण तुमच्या भावालाही हेच कळलेलं नाही. विमानात अवॉर्डच्या म्हणून वेगळ्या खुर्च्या नसतात. त्याच खुर्च्या कॅशनेही विकल्या जातात, वेगवेगळ्या दराने, आणि प्रत्येक दराला सिस्टीममध्ये एक अक्षर असतं. स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटात पार्टनर एअरलाइनच्या माइल्सवर इकॉनॉमी घेतली की साधारण एक्स, बिझनेस आय, फर्स्ट ओ. त्या आय क्लासमध्ये आज किती द्यायच्या हे एअरलाइनचे रेव्हेन्यू मॅनेजमेंटवाले (कुठल्या दराला किती सीट विकायच्या ते पाहणारे) ठरवतात, आणि त्यांचा आकडा बुकिंग कसं चाललंय ते पाहून सतत हलत असतो. तुम्ही होल्ड केलं तेव्हा आयमध्ये दोन उघड्या होत्या, तुम्ही सोडल्यावर त्या दोन खुर्च्या विमानाच्या एकूण साठ्यात परत जातात, आयमध्येच परत पडतील याची कोणी गॅरंटी देत नाही. मधल्या काळात त्या फ्लाइटला कॅशचं गिऱ्हाईक वाढलं असेल तर आय बंद, खेळ खल्लास. वेबसाइटवर तीच सीट लाखो रुपयांना विकायला दिसते आणि माइल्सला काहीच नाही दिसत, माणूस वेडा होतो. साडभाऊ झालेच होते, "अरे दिसून तर राहिली सीट, देत काहून नाही?"

दुसरी गोष्ट, वेटलिस्ट. काही एअरलाइन्स अवॉर्डची वेटलिस्ट ठेवतात, सिंगापूरवाले तर उघड उघड ठेवतात. अशा ठिकाणी सुटलेली सीट आधी रांगेतल्या माणसाकडे जाऊ शकते, तुम्ही तिकडे रिफ्रेश मारत बसा.

तिसरी गोष्ट उलटी आहे. पार्टनर एअरलाइनच्या साइटवर सीट दिसते पण ती प्रत्यक्षात नसतेच, जुनी माहिती साठवून दाखवतात. क्लिक केलं की एरर. हे पाहून लोक कार्डाचे पॉइंट घाईघाईने माइल्समध्ये ट्रान्सफर करून टाकतात आणि मग अडकतात, कारण ते परत कार्डात येत नाहीत. आणि ट्रान्सफर कधी मिनिटांत होतो, कधी बरेच दिवस लागतात. म्हणून आधी पॉइंट मग सीट असं कधीच करू नका... पण सीट होल्ड होत असेल तर होल्ड करून मग पॉइंट हलवा. होल्डचा खरा उपयोग तेवढाच आहे.

होल्ड म्हणजे तिकीट नाही हे तर माहीत असेलच, तरी सांगतो, कारण साडभाऊंना शेवटपर्यंत पटलं नाही. गणेशपेठच्या एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकतात ना, तेवढाच हक्क. सहा अक्षरी पीएनआर आला, स्टेटस एचके (सीट धरली आहे असा कोड) दिसलं, ईमेलमध्ये कन्फर्म्ड लिहिलं, तरी 13 आकडी तिकीट नंबर येईपर्यंत तुमचं काही नाही. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट कोणी काढलं ते सांगतात, एअर इंडियाचं 098, लुफ्तान्साचं 220, सिंगापूरचं 618. तिकीट काढायची टाइम लिमिट संपली की सिस्टीम स्वतःच पीएनआर मारून टाकते, आणि ती टाइम लिमिट आपल्या घड्याळाचीच असेल असं धरून चालू नका, फोनवरच्या पोरीला सरळ विचारा की कुठल्या देशाची वेळ.

तर आमच्याकडे काय झालं, दोन सोडल्या त्यातली एक काही दिवसांनी परत माइल्सवर उघडली. एकच. ती ताईच्या खात्यातून घेतली, तिचे माइल्स वाचले बाप्पा. साडभाऊंनी इकॉनॉमीचं कॅश तिकीट काढलं आणि शिकागोपर्यंत मागे टॉयलेटच्या जवळ बसून गेले. ताई पुढे पाय पसरून झोपली. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेराव्याला हे सांगतात की "याने रात्री फोनवर अर्धा तास लेक्चर दिलं, तेवढ्यात सीट गेली." अरे लेक्चर सोडण्याआधी दिलं होतं! सोडल्यानंतर मी फक्त "पाहतो" म्हटलं. लोक हसतात, माझी बायकोही हसते. चार लोकांत मला एअरलाइनचं काही कळत नाही असं ठरून गेलं आहे.

तुम्ही काय करायचं. भावाला म्हणा आहे त्या होल्डचं तिकीट काढ, दोघांचं, त्याच्याच माइल्समधून. दुसऱ्याच्या नावाचं अवॉर्ड तिकीट काढता येतं, काही प्रोग्राममध्ये आधी नॉमिनी म्हणून नाव टाकावं लागतं, क्रिसफ्लायरमध्ये असे पाच जण. पीएनआर स्प्लिट करून दोघांचे दोन करता येतात, पण त्याच्या खात्यावरची सीट तुमच्या खात्यावर सरकवणं हे सहसा कोणी करून देत नाही, नाव बदलणं तर विसराच. तुमचे संपणारे माइल्स दुसरीकडे खपवा, नागपूर-दिल्ली काढा, काहीही. आणि भावाशी पैशाचा हिशोब बसून मिटवा, त्यासाठी विमानातली सीट सोडायची गरज नाही. साडभाऊंना मी हेच सांगून राहिलो होतो.

एक राहिलंच. काही एअरलाइन्सच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये सोडलेली सीट खरंच काही मिनिटांत परत दिसते, मी पाहिलंय, त्यामुळे कोणी "आमचं तर झालं" म्हटलं तर तो खोटं बोलत नसेल. ज्या फ्लाइटला आधीच चार-पाच अवॉर्ड सीट उघड्या दिसत आहेत तिथे तर सोडायला हरकत नाही, आधी तुमच्या खात्यातून तिसरी घ्या, तिकीट नंबर येऊ द्या, मग भावाने त्याची एक सोडावी. एकाच माणसाच्या नावाने एकाच फ्लाइटवर दोन बुकिंग दिसली की काही सिस्टीम डुप्लिकेट म्हणून त्यातलं एक उडवतात, म्हणून हे दोन दिवस लोंबकळत ठेवू नका. आणि भाऊ तिकीट आधीच काढून बसला असेल, नुसता होल्ड नसेल, तर मग रद्द करायची फी आणि माइल्स परत यायला किती दिवस हे त्या प्रोग्रामच्या नियमात वाचा, तिथे प्रत्येकाचं वेगळं आहे.