ड्रॅगेनडॉर्फ चाचणीत (अल्कलॉइड ओळखायची चाचणी) नारिंगी गाळ आला, म्हणजे वनस्पतीतून अल्कलॉइड (नायट्रोजन असलेलं, बहुतेकदा अल्कधर्मी संयुग) मिळालं का?

लगेच तसं धरू नका. ती फक्त खूण आहे. प्रथिनं आणि नायट्रोजन नसलेली काही संयुगंही तसाच रंग देतात. मेयर चाचणी (अल्कलॉइडचीच दुसरी गाळ-चाचणी) करून बघा, मग अर्क आम्ल-अल्कली पद्धतीने शुद्ध करा. सौम्य आम्लात अल्कलॉइड क्षाररूपात पाण्यात उतरतं, तेल-मेण हेक्सेनने (पाण्यात न मिसळणारा द्रावक) धुऊन निघतं. अमोनियाने पीएच ९-१० वर नेलं की मोकळं अल्कलॉइड क्लोरोफॉर्ममध्ये येतं.

दारुहळदीवर काम करत असाल तर मात्र सांभाळा. त्यातलं बर्बेरिन चतुर्थक अमोनियम संयुग आहे (त्यातल्या नायट्रोजनवर कायम धनभार असतो), त्यामुळे पीएच वाढवूनही बरंचसं पाण्यातच राहतं. तो पाण्याचा पिवळा थर ओतून दिलात तर मुख्य घटकच गेला! टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करायची पद्धत) प्लेट ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरा, बर्बेरिनचा ठिपका पिवळा चमकतो.

जंतूंवर परिणाम तपासताना आगरवर (जंतू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) ठेवलेल्या, अर्कात भिजवलेल्या डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ दिसतं, नुसत्या त्यावर विसंबू नका. जे संयुग आगरमध्ये नीट पसरत नाही त्याचं वर्तुळ लहानच दिसतं. द्रव माध्यमात एमआयसी (जंतूंची वाढ रोखणारं किमान प्रमाण) काढा. आणि फक्त डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्रावक) घातलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, हवाच, कारण जास्त प्रमाणात तोही जंतूंची वाढ रोखतो.