पावसाळ्यात पटिंगचा सराव कसा करावा?

तुम्ही विचारलंय की गोल्फ शिकायला लागून सहाच महिने झालेत, आता जून लागला, तर पुढचे चार महिने पटिंग, म्हणजे बॉल जमिनीवरून होलात ढकलणं, बंदच ठेवायचं का. अजिबात ठेवू नका. मी नेरूळला राहते, खारघर व्हॅलीच्या कोर्सवर जाते, आणि माझं पटिंग सुधारलं ते पावसाळ्यातच. फक्त कामाची वाटणी करून घ्या. दिशा घरी शिकायची, वेग ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर.

याचं कारण गवतात आहे. ग्रीनवरचं बर्म्युडा म्हणतात ते गवत म्हणजे आपली हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्या कुळातली. पावसात ती झपाट्याने वाढते आणि जमीन भिजलेली असली की मशीन फिरवून कापताही येत नाही. त्यात पात्यांवर पाणी. बॉल लवकर अडतो, म्हणून जास्त जोर लावावा लागतो, आणि जोरात गेलेला बॉल उताराला कमी वळतो. मे महिन्यात वीतभर वळणारा पट, म्हणजे पटिंगचा फटका, जुलैत चार बोटंच वळतो. म्हणजे रेषा सोपी होते आणि अंतर अवघड.

पहिल्या पावसाळ्यात माझे सगळे पट तोकडे पडायचे. मग मी मनगटाने झटका द्यायला लागले आणि अंतर तर नाहीच, दिशाही गेली. उपाय इतकाच की पटर, म्हणजे पटिंगची काठी, मागे जास्त न्यायचा, लय तीच ठेवायची आणि मनगट मोडायचं नाही.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कोरड्या दिवसांत मिळत नाही. सर थांबली की पात्यांवरच्या थेंबांनी ग्रीन चंदेरी दिसतं. त्यावरून बॉल गेला की मागे गडद रेघ उमटते. ती रेघ वाकून नीट बघा. बॉल कुठून वळला, कुठे रेंगाळला, सगळं तिथे लिहिलेलं असतं. मी एकाच जागेवरून तीन बॉल मारते आणि तिन्ही रेघा एकमेकींशी ताडून बघते. त्यातून जे कळलं ते कुणाच्या सांगण्यातून कळलं नव्हतं. एकाच पट्ट्यात फार वेळ उभ्या राहू नका, ओल्या ग्रीनवर पावलांचे खड्डे पडतात.

घरी उभ्या पट्ट्यांची सतरंजी ताणून अंथरा. नुसत्या टाइल्सवर बॉल फार सुळकन पळतो. सतरंजीची एक पट्टी म्हणजे तुमची रेषा. बॉलच्या पुढे दीड फुटावर कॅरमच्या दोन-दोन सोंगट्यांच्या चवडी ठेवा, मध्ये बॉल आणि शिवाय एक बोट मावेल एवढीच फट. चुकलात की सोंगटी वाजते. टोकाला पाणी प्यायचा स्टीलचा पेला आडवा ठेवा. खरा होल १०८ मिलिमीटरचा असतो, पेला त्याहून बराच अरुंद, त्यामुळे नंतर होल मोठा वाटतो. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

नियमाचं थोडं. बॉल ग्रीनवर असेल आणि तुमच्या रेषेत पाणी साचलं असेल तर ते टॉवेलने पुसायचं नाही. होलच्या जवळ न जाता, पाण्यातून पूर्ण सुटका होईल त्या सर्वात जवळच्या जागी बॉल ठेवता येतो, दंड लागत नाही. ग्रीनवर खूण करून बॉल उचलून पुसायलाही परवानगी आहे, आणि पावसात तो दर वेळी पुसाच. वीज कडाडली तर मात्र खेळ तिथेच सोडून इमारतीत जा, झाडाखाली नाही. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात हे फार जपा.

घरी आल्यावर पटर पुसून गाडीच्या डिकीत टाकू नका, पंख्याखाली उभा करा. चामड्याच्या ग्लोव्हला नवी मुंबईच्या हवेत आठवड्यात बुरशी धरते, तोही पंख्याखालीच.

ऑक्टोबरात ऊन पडून ग्रीन पुन्हा कापलं गेलं की तुमचा जुलैचा जोर बॉल पार पलीकडे नेईल. पहिले दोन दिवस होलकडे बघूच नका. दहा पावलं, वीस पावलं, एवढं अंतर धरून बॉल थांबवायचा सराव करा.