पहिलीतल्या मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवावे का?

तुमचा मुलगा वर्गात वयाने सर्वांत लहान आहे, वाचनात मागे आहे आणि त्याला आणखी एक वर्ष पहिलीतच ठेवावे असे वर्गशिक्षिकेने सुचवले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी बरीच वर्षे पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवले आहे, त्यामुळे माझे मत आधीच स्पष्टपणे मांडते. पुढच्या वर्षी त्याला नेमके काय वेगळ्या पद्धतीने शिकवले जाणार आहे, याचे ठोस उत्तर शाळेकडून मिळत नसेल, तर संमती देऊ नका.

तो मागे का पडला, हे आधी शोधायला हवे. फळ्यावरचे बरोबर दिसणाऱ्या मुलालाही जवळचे अक्षर वाचताना डोळ्यांवर ताण येऊ शकतो. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साचतो, ऐकू येणे कमी-जास्त होत राहते, आणि घरी कोणाच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून डोळे आणि कान या दोन्हींची तपासणी याच महिन्यात करून घ्या. त्यात काही निघाले नाही आणि अक्षर व ध्वनी यांची सांगड घालणेच त्याला जड जात असेल, तर वाचन-अक्षमतेच्या दृष्टीने तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. कारण अशा मुलाला ध्वनीपासून अक्षराकडे आणि अक्षरापासून शब्दाकडे क्रमाक्रमाने नेणारे, भरपूर सरावाचे वेगळे शिक्षण लागते, आणि जे धडे पहिल्यांदा उमगले नाहीत तेच धडे त्याच रीतीने पुन्हा गिरवून ते मिळत नाही.

त्याच्या वयाकडेही दुर्लक्ष करू नका. एकाच वर्गातल्या दोन मुलांत जवळजवळ 12 महिन्यांचे अंतर असू शकते आणि सहाव्या वर्षी हे अंतर म्हणजे मुलाच्या आयुष्याचा सहावा हिस्सा असतो. वर्गातल्या लहान मुलांना मागे ठेवण्याची शिफारस अधिक वेळा होते, तेव्हा आपण मुलाची कुवत मोजतो आहोत की जन्मतारीख, हे शिक्षिकेला आदराने पण जरूर विचारा.

संशोधनाचा कल या उपायाच्या बाजूने फारसा नाही. होम्स या अमेरिकी अभ्यासकाने 1989 मध्ये 63 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांपैकी 54 अभ्यासांत मागे ठेवलेल्या मुलांबाबतचे निष्कर्ष एकंदरीत प्रतिकूल होते. 2001 मध्ये जिमरसन यांनी 1990 च्या दशकातील 20 अभ्यासांचा आढावा घेतला आणि त्यांनाही या उपायाला आधार सापडला नाही. पहिल्या वर्षी गुण सुधारलेले दिसतात, कारण अभ्यास ओळखीचा असतो. पण ही आघाडी पुढच्या काही वर्षांत बहुधा ओसरते. फ्लोरिडात तिसरीच्या मुलांबाबत सुरुवातीला चांगला फरक दिसला खरा, पण तिथे मागे ठेवलेल्या मुलांना वाचनाचे जादा शिक्षणही दिले जात होते. ते जादा शिक्षण मुलाला वरच्या वर्गात पाठवूनही देता येते, आणि मला तोच मार्ग अधिक योग्य वाटतो.

तरीही काही परिस्थितीत वर्ग पुन्हा करणे रास्त ठरू शकते. दीर्घ आजारपणामुळे वर्षाचा मोठा भाग बुडाला असेल, किंवा शाळेची भाषा मुलाला अगदी नवी असेल आणि पुढच्या वर्षी त्यासाठी खास मदत ठरलेली असेल, तर मी विरोध करणार नाही. मात्र शिक्षक शक्यतो बदलावेत, आणि आठवड्यात किती वेळ, कोण व काय शिकवणार, हे शाळेकडून लेखी घ्यावे.

तसे ठरलेच, तर शाळा सुरू होण्याआधी ते मुलाला तुम्ही स्वतः सांगा. मित्र वरच्या वर्गात गेल्याचे पहिल्या दिवशी दारात उभे राहून कळणे फार क्लेशदायक असते. कारणही खरे आणि त्याला समजेल असे द्या, आणि जुन्या मित्रांशी त्याचे खेळणे शाळेबाहेर चालू राहील अशी व्यवस्था आधीच करून ठेवा.