चिवड्याचा पाऊच: डिझाइन निवडायच्या आधी उघडून बघा

ताई, तुमचा प्रश्न असा की नाशिकच्या पंचवटीतून घरगुती चिवडा विकता, कस्टमर म्हणतात पाऊच उघडताना आडवातिडवा फाटतो, झिप असूनही चिवडा सादळतो, आणि डिझायनरने चार डिझाइन दिलीयेत त्यातलं कुठलं घेऊ. माझं ऐकाल तर आत्ता एकही घेऊ नका. चारही फोटो बघितले, रंग बदललेत, गोदाघाटाचं चित्र वरचं खाली गेलंय, पण पाऊच कुठून उघडायचा हे एकातही नाही.

मी नाशिकच्याच अंबडला पाऊचच्या युनिटमध्ये १६ वर्षं काढली. आम्हीही हेच करायचो, सॅम्पल आलं की प्रिंट बघायची, सील ओढून बघायचं, ओके. घरी उघडताना काय होतं ते कोण बघतंय! मग एकदा आमच्याच लाइनवरचा अर्धा किलोचा झिपवाला पाऊच घरी नेला आणि आईच्या हातात दिला. तिची बोटं संधिवाताने वाकलेली. आधी कडेला फाडण्यासाठी दिलेल्या खाचेपाशी अंगठा लावून ओढलं, घसरला, पदराला हात पुसून परत ओढलं, मग दात लावले, आणि शेवटी विळीवर धरून सरळ वरचा भागच उडवला, तोही झिपच्या खालून. झिप गेली केरात आणि उरलेल्या पाऊचला तिने रबर लावून डब्यात ठेवून दिला. मी म्हटलं अगं झिप होती ना, तर म्हणे "कुठे होती? मला दिसली नाही बाई." खरंच होतं तिचं, मेटलाइज्ड, म्हणजे चांदीसारख्या चकचकीत पाऊचला बाहेरून झिप कळतच नाही आणि त्या जागेवर आम्ही गिऱ्हाइकाच्या कंपनीचं नाव छापलेलं.

त्यानंतरच्या आर्टवर्कला आम्ही खाच आणि झिप यांच्यात कात्री चालेल एवढी जागा सोडली, खाच दोन्ही बाजूंना दिली (डावखुरे पण चिवडा खातात), आणि ठळक तुटक रेघ मारून मराठीत "इथून कापा" आणि खाली "झिप" असं लिहिलं. बस. मटेरियल तेच, मशीन तेच.

आता आडवं का फाटतं ते. पाऊच म्हणजे एकच प्लास्टिक नसतं, बाहेर पेट किंवा बीओपीपी नावाची पातळ कडक फिल्म, आत पॉलीचा (पॉलिथिनचा) थर, जो गरम होऊन चिकटतो. बाहेरचा एकदा फाटायला लागला की फाटत जातो, आतला पॉली मात्र ताणतो, मग हात जोर लावतो आणि रेघ भलतीकडे जाऊन अर्धा चिवडा ओट्यावर. त्यामुळे "पॉली जाड देतो, मजबूत होईल" असं कोणी म्हणालं की लगेच हुरळू नका, आधी फाडून बघा. लेझरने बाहेरच्या थरावर बारीक रेघ मारून देतात त्याने सरळ फाटतं, पण छोट्या ऑर्डरला ते परवडणं अवघड.

सादळण्याचं बघाल तर दहात आठ वेळा पाऊचचा दोष नसतोच. पोह्याचा चुरा आणि तिखट-मीठ झिपच्या खोबणीत बसतं, झिप लागल्यासारखी वाटते पण लागलेली नसते. तोच चुरा वरच्या सीलमध्ये अडकला तर पाऊच दुकानात पोचायच्या आधीच लीक. रुंद तोंडाचं लांब नरसाळं घ्या, झिपच्या खालपर्यंत जाईल असं, आणि चिवडा पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, गरम भरला की आत वाफ धरते. रोज भरलेल्यातले दोनचार पाऊच बादलीत पाण्याखाली दाबून धरा, बुडबुडे आले की कळलं. ती पुढची मोठी पारदर्शक खिडकी पण काढा, दिसायला छान दिसते पण उजेडाने तेलकट माल लवकर खवट होतो. दाखवायचंच असेल तर मागे खाली छोटीशी ठेवा.

आईसारख्या बोटांचा विचार करून केलेली वस्तू सगळ्यांनाच सोयीची पडते. ऑक्सो कंपनीची ती जाड रबरी मुठीची सोलाणी बघितली असेल, १९९० मध्ये आली, कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या बायकोला संधिवात होता आणि साधी सोलाणी धरवत नव्हती म्हणून केलेली, आणि घेतली सगळ्यांनीच. आमच्या आईला मात्र ती आणून दिली तरी ती विळीच वापरते, ते सोडा.

आणि कधीकधी वस्तू बदलायचीच नसते. दिंडोरीकडचा एक बागायतदार मित्र द्राक्षाचे बॉक्स कोल्ड स्टोरेजमध्ये दबतात म्हणून पाच प्लायचे (पुठ्ठ्याच्या पाच थरांचे) सात प्लाय करायला निघालेला. जाऊन बघितलं तर पोरं थप्पी हलू नये म्हणून विटांसारखे आडवे-उभे बॉक्स रचत होती. अशा कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) बॉक्सची ताकद मुख्यतः कोपऱ्यात असते, आणि कोल्ड स्टोरेजच्या ओलाव्याने कागद आधीच नरम पडलेला, त्यात वरच्याचा कोपरा खालच्याच्या मधोमध येत होता. कोपऱ्यावर कोपरा ठेवून बाजूने पट्टी मारायला लावली. बॉक्स पाच प्लायचाच राहिला.

तुमच्या पाऊचवर अजून एक राहिलंय, तारीख आणि एमआरपी टाकायला पांढरी मोकळी जागा. चॉकलेटी रंगावर काळा शिक्का कोणाला वाचता येतो? २०११ च्या पॅकेज्ड कमॉडिटीज नियमांप्रमाणे वजन, एमआरपी, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी नंबर हे सगळं लागतंच, शिवाय एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) १४ आकडी नंबर आणि हिरवा ठिपका. हे सगळं बसवून जी जागा उरेल त्यात गोदाघाट.

छपाईची घाई करू नका, पाऊचची छपाई ज्या ग्रॅव्ह्युअर पद्धतीने होते तिला प्रत्येक रंगाचा वेगळा कोरलेला सिलिंडर लागतो, एकदा बनला की चूक पण तुमच्याच गळ्यात. आधी साधे तयार पाऊच आणि स्टिकर यावर दोन महिने काढा, जमलं तर त्यात पावसाळ्याचे दिवस येऊ देत. शेजारच्या सहासात जणींना पाऊच द्या, त्यात एखादी आजी असूदे आणि एखादं शाळेतलं पोर, आणि समोर बसून गप्प बघा. "इथून उघडा" असं तोंडाने सांगायचं नाही, जीभ चावा हवं तर. कोण कुठे अडकलं, कात्री कुठे लागली, उरलेला चिवडा कशात गेला एवढं लिहून ठेवा आणि तो कागद डिझायनरला द्या.

सातपूर-अंबडकडे येणं झालं तर मेसेज टाका, मी बघून देईन. फक्त रिकामे पाऊच आणू नका, भरलेले आणा, आणि चिवडा कच्च्या कांद्याबरोबर खाऊन बघायला एक जास्तीचा.