घरातले दोन-तीन स्मार्ट दिवे रात्री ‘ऑफलाईन’ जातात आणि दुसऱ्या दिवशी आपोआप येतात. हब बदलू का?

दापोलीजवळच्या जुन्या चिऱ्याच्या घरात तुम्ही झिगबीचे (दिव्यांना एकमेकांशी आणि हबशी बिनतारी जोडणारी पद्धत) दिवे बसवलेत आणि परसदारचे दोन-तीन अधूनमधून गायब होतात, असं लिहिलंय. हब, म्हणजे या सगळ्या दिव्यांना हुकूम देणारी पेटी, बदलू नका. दिवे रिसेट करून पुन्हा जोडायचीही घाई नको. असा बिघाड ठरावीक वेळ धरून येतो, आणि रिसेट केलं की तो माग पुसला जातो.

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी गोठ्यातला आणि विहिरीवरचा दिवा रोज रात्री जायचा. मी आठवडाभर कॅलेंडरवर लिहून ठेवलं: कोणता दिवा, किती वाजता, पाऊस होता का, लाईट गेली होती का. पाऊस असो-नसो, वेळ तीच, दहाच्या आसपास. आई झोपायला जाताना पडवीतल्या बल्बचं भिंतीवरचं बटण बंद करायची. झिगबीत विजेवर चालणारा बल्ब उजेड देतोच, शिवाय पुढच्या दिव्यांचा निरोपही पोचवतो. तो बंद झाला की मागचे दोघे तुटले, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बटण लागलं की थोड्या वेळानं परत हजर. त्यांना हबपर्यंत दुसरी वाट नव्हती. मधे हातभर जाडीची चिऱ्याची भिंत, तीही पावसात पाणी प्यालेली, आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात. आईची इतक्या वर्षांची सवय कशाला मोडायची? माजघराच्या मागच्या दाराशी, जिथं कुणी हात लावत नाही अशा सॉकेटवर, मी एक झिगबीचा प्लग कायमचा चालू ठेवला. त्यानंतर दिवे गेले नाहीत.

तुमची नोंद वेगळं सांगेल कदाचित. घरातले सगळे मोबाईल घेऊन बसले की दिवे अडखळत असतील, तर वाय-फायशी टक्कर आहे, कारण तेही बहुधा याच 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं. झिगबी 11 ते 14 चॅनलवर (लहरींच्या पट्टीवर) असेल तर वाय-फाय चॅनल 1 वर ठेवू नका, 6 किंवा 11 वर न्या. झिगबीचा चॅनल हलवला तर काही दिवे पुन्हा जोडावे लागतात, म्हणून आधी वाय-फायचा हलवायचा. हब राउटरला चिकटून असेल तर तो दोन-तीन हात लांब ठेवा.

वादळी रात्री लाईट पाच-सहा वेळा येते-जाते, हेही बघा. बऱ्याच बल्बांना पटापट चालू-बंद होणं हाच रिसेटचा इशारा असतो. लाईट स्थिर झाल्यावरही बल्ब नुसता लुकलुकत राहिला, तर तो नेटवर्कमधून सुटलाय. तेव्हा मात्र तो पुन्हा जोडाच.

एक गोष्ट या सगळ्यापेक्षा वेगळी आहे. काही दिवे मंद आणि त्याच वेळी दुसरे नेहमीपेक्षा प्रखर दिसले, तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सैल झालेला असू शकतो. खाऱ्या हवेत जोडांना हिरवा थर चढतो, तेही एक कारण. तेव्हा ॲप उघडत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.